आईचा कान कुणी नेला

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या वर्षी, होळीच्या आदल्या रविवारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, आमच्याच घराच्या पडवीत. करणाऱ्या दोघीजणी: एक माझी आई, दुसरी माझी वहिनी. साक्षीला संकेश्वरी मिरचीचं एक पोतं. मी हातात कागद धरून समोर बसले होते आणि आईनं माझ्याकडं न बघता, मिरचीचा देठ मोडत म्हटलं, "थांब गं जरा. आधी हिचं ऐकू दे."

एवढंच. ह्यात अन्याय तो कसला, असं तुम्ही म्हणणार. मंडळातल्या पोरांनीपण तेच म्हटलं. म्हणून मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागतंय.

मी पत्रकं लिहिते. बेळगावच्या सीमाभागात, गुंजीच्या अलीकडं आमचं गाव आहे, आणि आसपासच्या गावांतल्या पोरापोरींचं मिळून एक मंडळ आहे. बसच्या पाट्या मराठीतही लावा, कचेरीतले कागद मराठीतही द्या, मराठी शाळेला शिक्षक द्या. असला कागद बेळगावच्या किंवा खानापूरच्या बसस्टँडवर तुमच्या हातात कुणीतरी कोंबला असेल. चुरगाळून टाकायच्या आधी तुम्ही त्याच्या दुसऱ्या ओळीपर्यंत गेला असाल, तर ती दुसरी ओळ माझी होती. पहिली ओळ कुणालाही लिहिता येते. ती मोठ्या टायपात असते आणि तिच्यापुढं उद्गारचिन्हं असतात. माणसाला दुसऱ्या ओळीवर नेणं हे काम आहे, आणि ते काम मला येतं.

ते मला कुणी शिकवलं? आईनं. तिला माहीत नसेल, पण तिनंच.

आमच्याकडं उन्हाळा म्हणजे बायकांचे हात भरलेले असण्याचा काळ. वर्षाच्या चटणीसाठी मिरच्यांचे देठ काढायचे, मग सांडगे, शेवया, पापड. मिरचीच्या हातानं डोळ्याला हात लावता येत नाही, फोन धरता येत नाही, कागद तर नाहीच. मग ज्याचे हात कोरडे आहेत त्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या घरात कोरड्या हातांची मी. शाळेत असल्यापासून मी आईला पेपर वाचून दाखवलाय, लग्नपत्रिका वाचून दाखवल्यात, औषधाच्या डबीतली घडी उलगडून वाचलीय. पत्रकं लिहायला लागले तशी पत्रकंही. आईच्या कानावरून गेल्याशिवाय माझं एकही पत्रक तोवर छापायला गेलेलं नव्हतं.

ती मास्तरणीसारखं काही सुचवायची नाही. वाचता वाचता मधेच म्हणायची, "हितं दम लागला." मी ते वाक्य मोडून दोन करायची. कधी म्हणायची, "हे कोण बोलालंय?" मग मला कळायचं, ही ओळ दुसऱ्याच्या पत्रकातून माझ्या तोंडात आलीय. ती जायची. आणि क्वचित, "परत वाच" म्हणायची. त्या दिवशी मला जेवणसुद्धा नको व्हायचं. मंडळातले लोक म्हणतात, तुझी वाक्यं दगडासारखी लागतात. ती दगड नाहीत. आईच्या दमाएवढी कापलेली आहेत.

आता दुसरी बाजू.

माझा भाऊ बेळगावला उद्यमबागेत एका वर्कशॉपला मशीनवर असतो. सकाळी अंधारात बस धरतो, रात्री आठला येतो. त्या होळीच्या आधीच्या दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं. मुलगी संकेश्वरची, उसाच्या पट्ट्यातली, घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि कॉलेजात इंग्रजी साहित्य घेऊन शिकलेली. येताना माहेराहून मिरचीचं पोतं घेऊन आली. गावातल्या बायकांनी पोत्यात हात घालून वास घेतला आणि म्हणाल्या, "सून तिखट मिळाली." वहिनी हसली. ती कशावरही हसते. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही.

तरीही सुरुवातीला माझं तिच्याशी बरं होतं, हे नोंदवते. भांडण लागलं ते आईच्या फोनमुळं.

आई गावातल्या अंगणवाडीत बाई आहे. पोरांची वजनं, उंची, सगळं आता फोनवर भरायचं असतं. तिच्या फोनवर ते सगळं इंग्रजीत. ती वर्षानुवर्षं जागेवरून ओळखायची. वरून तिसरं बटण दाबलं की वजन, उजवीकडचं दाबलं की उंची, लाल झालं की पोरगं अशक्त. शब्दाचं तिला काम नव्हतं. मग होळीच्या आधी आठ-दहा दिवस ते ॲप बदललं, बटणं इकडची तिकडं गेली, आणि आईला पहिल्यांदा ते शब्द वाचायला लागले. स्टंटेड. वेस्टेड. अंडरवेट.

तिनं मला आधी विचारलं. हे लिहून ठेवा. आधी मलाच. मी म्हटलं, "सगळ्याचा अर्थ कुपोषित." आमच्या पत्रकांत तो शब्द आहे, चांगला जोरकस आहे, चालतो. आईनं मान हलवली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. एकाच अर्थाला तीन बटणं कशाला देतील, असं तिच्या मनात आलं असणार.

रविवारी मी नवीन पत्रक घेऊन पडवीत आले तर त्या दोघींमधे मिरच्यांचा ढीग होता आणि वहिनी बोलत होती. तिनं ढिगातून एक मिरची उचलली. आखूड, पण फुगीर.

"आत्ती, ही बघा. भरलेली हाय, पण हिच्याबरोबरच्या केवढ्या झाल्या आणि ही एवढीच ऱ्हायली. ही स्टंटेड. उंचीच खुंटली."

मग दुसरी उचलली. लांबलचक, आणि आतून पोकळ, वाळून कातडं झालेली. "ही उंचीला बरोबर हाय. पण अंगात काय न्हाय. ही वेस्टेड. आणि अंडरवेट म्हंजे वयाला जेवढं वजन पायजे तेवढं न्हाय, मग ती खुंटल्यामुळं असो न्हायतर सुकल्यामुळं."

आईनं दोन्ही मिरच्या हातात घेतल्या. मग तिनं वाडीवरच्या दोन पोरांची नावं घेतली, एक एका मिरचीसाठी, दुसरं दुसऱ्या मिरचीसाठी, आणि म्हणाली, "अगंबाई. व्हय की."

मी म्हटलं, "आई, वाचू?"

तेव्हा ते वाक्य आलं. थांब गं जरा. आधी हिचं ऐकू दे.

वहिनीनं समजावलं ते चांगलं होतं, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. वाईट समजावलं असतं तर मला काय झालं नसतं. मी बसून राहिले. वहिनी मिरचीही मोडत होती आणि बोलतही होती, तिच्या पुढ्यातला ढीग आईच्या ढिगापेक्षा मोठा झाला होता. मी नुसती कागद धरून. शेवटी आई म्हणाली, "रिकामी बसलीस तर हात तरी लाव." म्हणजे आता माझे कोरडे हात रिकामे हात झाले होते.

त्या दिवसानंतर ह्यांचं रोजचंच सुरू झालं. आई अंगणवाडीतून आली, चहा झाला की दोघी पोत्यापाशी. आज हे दोन शब्द, उद्या ते दोन. अलोन आणि लोनली. वहिनी म्हणाली, शिवारात एकटा माणूस खुरपत असतोय तो अलोन, त्याला वाईट काय वाटत नसतंय. लग्नाच्या मांडवात कुणीच बोलवंना झालं तर तो लोनली. आई हसली आणि म्हणाली, "म्हंजे तुझा सासरा शिवारात बरा असतोय." थिन आणि स्लिम. वहिनीनं सांगितलं, आपल्या पोरीचं लग्न ठरवताना स्लिम म्हणायचं, दुसऱ्याच्या पोरीला नाव ठेवताना थिन. सी, लुक, वॉच. दिसणं वेगळं, बघणं वेगळं, दूध उतू जाईल म्हणून बघत बसणं वेगळं.

मी म्हटलं, "हे सगळं मराठीत हाय. दिसणं, बघणं, न्याहाळणं, लक्ष ठेवणं. त्यात इंग्रजीचं काय एवढं?"

वहिनी म्हणाली, "हाय की वन्सं. मराठीतलं हाय म्हणूनच आत्तींना लगेच समजतंय."

असलं उत्तर देणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा. मंडळात आम्हाला विरोधकाला उत्तर द्यायला शिकवलंय. जो विरोधच करत नाही त्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नाही.

हिअर आणि लिसन ज्या दिवशी झालं तो दिवस तर मला पाठ आहे. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं. आईला ते फार आवडलं. कोंबड्यांना हाकलताना ती "लिसन!" म्हणायला लागली. आणि चार दिवसांनी मी जेवताना फोन बघत होते, ती काहीतरी सांगत होती, मी हूं हूं करत होते, तर ती वाढता वाढता थांबली आणि सावकाश, एकेक शब्द वेचत म्हणाली, "यू हिअर. यू नो लिसन." भाऊ जेवता जेवता ठसकला. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात मारला आणि तीही हसायला लागली. बाबा म्हणाले, "काय म्हणाली गं?" कुणी सांगितलं नाही, सगळे हसतच होते.

मी विचारते: कुणी कुणाला ऐकणं बंद केलं होतं? होळीपासून माझं पत्रक आईनं ऐकलेलं नव्हतं. वाचू का म्हटलं की म्हणायची, "वाच की, वाच," आणि वाचलं की मान हलवायची. दम लागला नाही. कोण बोलालंय नाही. परत वाच नाही. शब्द तिच्या कानावर पडत होते. वहिनीनं शिकवलेला फरक आई माझ्यावर रोज वापरत होती, आणि 'यू नो लिसन' असं मात्र मलाच ऐकवलं जात होतं.

मीही सोडलं नाही. खानापूर ते बेळगाव बसमधे फोन काढून मी जोड्या शोधायला लागले. बिग, लार्ज, ग्रेट. संध्याकाळी पडवीत येऊन, मिरचीला हात घालून, सहज आठवल्यासारखं आईला म्हटलं, "आई, बिग आणि ग्रेट ह्यात फरक काय सांग बघू?"

आई म्हणाली, "म्हैस बिग. ग्रेट म्हंजे महाराज. हे आमचं गेल्या आठवड्यातच झालं."

आमचं. हा शब्द मी जन्मभर विसरणार नाही. त्याच तंद्रीत मी मिरचीच्या हातानं नाक पुसलं आणि पुढचा अर्धा तास हौदापाशी तोंड धूत बसले. वहिनी तूप घेऊन आली, हळूच नाकाला लावलं, "डोळं उघडू नका वन्सं," म्हणाली. तिच्या हाताला त्या वेळी मिरची कशी नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही.

आता काही हुशार वाचकांच्या मनात एक जोडी केव्हाची आली असेल. इंग्रजीत जळण्यालाही दोन शब्द आहेत, एन्व्ही आणि जेलसी, त्यांत म्हणे बारीक फरक आहे. मला माहीत आहे. ती जोडी मी वहिनीला कधीच विचारली नाही. विचारली असती तर तिनं उदाहरण म्हणून ढिगातून काय उचललं असतं, तेही मला माहीत आहे.

मग मी ठरवलं, आईवरच पत्रक लिहायचं.

हे रागानं ठरवलं असं कुणी म्हणू नये. प्रश्न खरा होता. दोनेक वर्षांपूर्वी आई एका ट्रेनिंगला गेली होती. भिंतीवर इंग्रजी, तोंडानं कन्नड. कन्नड ती बाजारात फाडफाड बोलते, पण तासभर कागदी कन्नड आणि वर इंग्रजी, ह्यानं तिचं डोकं धरलं. घरी येऊन रुमाल बांधून पडली. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं: मराठी गावांतल्या अंगणवाडीच्या बायकांना ट्रेनिंग मराठीत मिळालं पाहिजे. ही मागणी काल खरी होती आणि आजही खरी आहे. मिरच्यांनी ती मिटत नाही.

पण एक अडचण होती. त्या मागणीसाठी आईला इंग्रजी समजत नाही, हे जगाला सांगायला हवं होतं. आणि आईला तर आता समजायला लागलं होतं. मी तिला विचारलंही, "आई, त्या ॲपचा तुला त्रास होतोय की नाही?" ती म्हणाली, "आता कुठला? हिनं सगळं सांगितलंय." मी म्हटलं, "बाकीच्या बायकांचं काय?" तर म्हणाली, "त्यास्नी मी सांगालोय की मीटिंगला. मिरच्या घेऊन जातोय." आणि हसली. आमच्या गावात बायकापण बोलताना 'जातोय, सांगालोय' म्हणतात, त्यात लढाईला निघाल्याचा थाट असतो. आई मिरच्या घेऊन निघाली होती, आणि सेनापती वहिनी होती.

पत्रक मी बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसून एका दमात लिहिलं. आईला वाचून दाखवलं नाही. वाचायला जागा कुठं होती? तिच्या शेजारची जागा भरलेली होती. म्हटलं, आता छापूनच देईन हातात. तिसरी ओळ अशी होती: "आमच्या भोळ्या, अडाणी ताया इंग्रजीच्या रानात डोळे बांधून सोडल्या आहेत."

मंडळाचे थोरले अण्णा, जे छपाईचं बघतात, त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "हितं माणूस रडणार," म्हणाले. आईनं 'परत वाच' म्हणावं म्हणून मी दीड महिना वाट बघितली होती. शेवटी परत वाचली ती अण्णांनी. पिवळ्या कागदावर छापलं. खानापुरात वाटलं, बेळगावात वाटलं, एक गठ्ठा निपाणीला गेला. तिथं आमच्या एका पोराच्या चुलत्याचं तंबाखूचं दुकान आहे, जैन घर, आले-गेलेले शेतकरी तासन्तास बसतात. गल्ल्याशेजारी ठेवलं की उचलतात.

मग अण्णा म्हणाले, "हेच कचेरीत द्यायचं तर इंग्रजी करून देऊया. तुझी वहिनी करंल की."

मी म्हटलं, "दुसरं कोण न्हाय?"

"बेळगावात माणूस बघायचा, त्याच्या मागं फिरायचं, कशाला? घरात एवढी शिकलेली हाय. का गं, भांडण हाय काय?"

"न्हाय," म्हटलं.

तोवर मिरच्या संपून पापड सुरू झाले होते. मी पडवीत गेले तेव्हा आई पाटावर पापड लाटत होती आणि वहिनी तेलाच्या हातानं पिठाच्या लाट्या करून देत होती. दोघींचे हात बरबटलेले. वहिनी म्हणाली, "मी करतोय वन्सं, पण हात बघा. तुम्ही एकेक वाक्य वाचा, मी सांगतो तसं लिहून घ्या."

म्हणजे बघा काय दिवस आला. पत्रक माझं, वाचणारी मी, आणि वहिनीनं इंग्रजी सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं. आई शेजारी. होळीपासून ज्या घटकेची मी वाट बघत होते ती अशी आली. मी पुन्हा मोठ्यानं वाचत होते, फक्त आईसाठी नव्हे.

पहिलं वाक्य झालं. दुसऱ्यात 'मागणी' आली. वहिनी म्हणाली, "रिक्वेस्ट लिहायचं का डिमांड?"

"डिमांड," मी म्हटलं.

"डिमांड म्हटलं की आपला हक्क हाय, द्यायलाच पायजे. रिक्वेस्ट म्हटलं की द्यायचं का न्हाय ते त्यांच्या मर्जीवर."

"म्हणूनच डिमांड."

"बरोबर," ती म्हणाली. मला राग आला, कारण ती खरंच बरोबर म्हणाली होती आणि त्यात उपकार नव्हते.

मी तिसरी ओळ वाचली. आईचं लाटणं चालूच होतं. अडाणी हा शब्द तिच्यावरून गेला, तसा तो आपल्या सगळ्यांवरून जातो. भाषणात ऐकतो, पत्रकात वाचतो. अडाणी जनता, भोळी जनता. कुणी वळून बघत नाही.

वहिनी थांबली. "अडाणीला इथं कुठला घ्यायचा? इल्लिटरेट घेतला तर ज्याला अक्षरओळख न्हाय तो."

आईनं लाटणं थांबवलं. "मी एसएसएलसी हाय, धावी पास."

"व्हय आत्ती. मग तो न्हाय. दुसरा इग्नोरंट."

"त्यो काय?"

वहिनीनं लाटी उगाचच परत वळली. "म्हंजे माहिती न्हाय. पण त्यात जरा..."

"शिवी हाय व्हय?"

"जरा हाय."

"आणि?"

"आणि अनअवेअर. कुणी सांगितलंच न्हाय म्हणून ठाऊक न्हाय. त्यात त्या माणसाचा दोष नसतोय."

आईनं माझ्याकडं बघितलं. होळीनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडं. "मग ह्यातली मी कुठली गं?"

मी काही बोलायच्या आत वहिनी मला वाचवायला गेली. "आत्ती, मराठीत एकच शब्द हाय ना, म्हणून वन्संनी..."

मराठीत एकच शब्द! हे मी ऐकून घेणार? "एकच कशाला असंल?" मी म्हटलं. "निरक्षर हाय. अजाण हाय. अनभिज्ञ हाय. नेणता हाय. इंग्रजीनं तीन दिले तर मराठी पाच देती."

"मग एवढे होते," आई म्हणाली, "तर हाच का घेतलास?"

पडवीत पापडाचा वास होता. वहिनी खाली बघत होती. मी म्हटलं, "तो सगळ्यांच्या तोंडात हाय, आई. लोकांना भिडतोय." आईनं लाटलेला पापड उचलून सुपावर टाकला, नवीन लाटी घेतली, आणि वहिनीला म्हणाली, "तिसरा लिव म्हण तिला."

मी लिहिलं. वहिनी सांगत गेली तसं, माझ्या अक्षरात. अनअवेअर, आणि पुढं, त्यांचा काहीही दोष नसताना.

तो कागद कचेरीत गेला. आता विचार करा, काय झालं. ज्या साहेबाला आईचं तोंडसुद्धा माहीत नाही त्याच्या टेबलावर आई जशी आहे तशी पोचली, इंग्रजीत, वहिनीच्या शब्दांत. आणि आमच्या स्वतःच्या गावांत, आमच्या स्वतःच्या भाषेत, खानापूर ते निपाणी, ती अडाणी म्हणून वाटली गेली. माझ्या हातानं. मायबोली मायबोली म्हणून घसा बसवणाऱ्या माझ्या हातानं.

दोष कुणाचा, ह्यावर मी पुष्कळ विचार केलाय आणि माझं मत बदललेलं नाही. शब्द मी लिहिला, मान्य. पण असले शब्द मी आधीही लिहायची, आणि दर वेळी आई म्हणायची, हे कोण बोलालंय, आणि तो जायचा. त्या दिवशी आईचा कान जागेवर असता तर तो शब्द छपाईपर्यंत पोचलाच नसता. तो कान कुणी नेला? हसून, तूप लावून, सगळ्याला व्हय व्हय म्हणून कुणी नेला? मी वहिनीला हे तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "वन्सं, आत्तींना दोन कान हाईत." मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलायला लागलं, कारण आई अंगणवाडीतून येताना पावसात भिजली आणि ताप आला, आणि औषधाच्या घडीवर ड्राउझी आणि डिझी असे दोन शब्द होते.

मी अण्णांकडं गेले. म्हटलं, पत्रक परत छापूया. ते म्हणाले, "एका शब्दासाठी?" म्हटलं, व्हय, एका शब्दासाठी. "अगं, तीच ओळ लोकांना आवडलीय. निपाणीहून अजून मागितलंय." मी म्हटलं, तो शब्द माझ्या आईला लागलाय. अण्णा म्हणाले, "तुझी आई एसएसएलसी हाय, तिच्यासाठी थोडंच लिहिलंय? बाकीच्यांसाठी हाय ते." त्यांना वाटलं, त्यांनी मला धीर दिला. बाकीच्या म्हणजे कोण? आईच्या मीटिंगला मिरच्या बघून हसणाऱ्या त्याच बायका. त्यांतल्या एकीलाही कुणी विचारलेलं नाही, ह्यातली तू कुठली.

आईनं तेव्हापासून तो विषय काढलेला नाही. ती रागावलेली नाही, तेच वाईट आहे. पत्रक मात्र घरात आहे. पापडाच्या डब्याखाली तेल लागू नये म्हणून पिवळा कागद घातलाय, छापलेली बाजू खाली.

मंडळ छापणार नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते. विनंती करत नाही, मागणी करते. त्यातला फरक वर आलेला आहे. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात कुठंतरी असणार. कपाटात, दुकानाच्या गल्ल्याशेजारी, पोराच्या वहीचं कव्हर म्हणून. शोधा. वरून तिसरी ओळ. पेन घ्या आणि 'अडाणी' हा शब्द खोडा, एका रेघेनं नव्हे, वाचता येणार नाही इतका. 'भोळ्या' पण खोडा. शेजाऱ्याच्या घरातला खोडा. आणि त्या जागी स्वतःच्या मनानं काही लिहू नका, इंग्रजीतलं तर मुळीच नको. तिथं काय यायला पाहिजे ते मी आईला विचारणार आहे. एकटीला. वहिनी माहेरी गेलेली असताना.